वाचकांचे प्रश्न : दारी आलेला कोंबडा

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस एक पांढरा कोंबडा फिरतोय. पायात सुतळी अडकली आहे, पण जवळ गेलं की पळतो. त्याला ठेवून घ्यायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू? (भांडुप)

उत्तर : दिवसा मागे धावू नका. कोंबड्याला घाम येत नाही, उन्हात दमवला तर धापा टाकत कोसळतो. अंधारात मात्र त्याला जवळपास काहीच दिसत नाही. संध्याकाळी तो कुठे बसतो ते हेरून ठेवा आणि अंधार पडल्यावर पंख अंगालगत दाबून दोन्ही हातांनी उचला. छाती आवळू नका. पक्ष्यांना श्वासपटल नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच श्वास चालतो.

सुतळी ओढू नका, ती बहुतेकदा कातडीत रुतलेली असते. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग बोथट टोकाच्या कात्रीने एकेक धागा कापा. सुतळीखालची बोटं गार किंवा काळसर असतील तर घरी खटपट नको, सरळ परळचं बैलघोडा इस्पितळ गाठा.

रुंद छाती आणि जाड पिवळे पाय असतील तर तो चिकनच्या गाडीवरून निसटलेला ब्रॉयलर समजा. त्याची भूक ही त्याची दुश्मन आहे. समोर खाद्य ठेवलं तर खातच राहतो, वजन वाढतं आणि आधी पाय, मग हृदय जातं. दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास, तेही दोन वेळांत विभागून द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य नको, त्यातल्या जादा कॅल्शियमने नराची मूत्रपिंडं बिघडतात. ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य आणि थोडा पाला पुरे.

घरी आधीच कोंबड्या असतील तर नवा पाहुणा 30 दिवस वेगळा, भांडी वेगळी, त्याच्याकडे जायची चप्पलही वेगळी. हिरवी पातळ विष्ठा, घरघर किंवा मान पिळवटणं दिसलं तर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची शंका घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. शेपटीखालची पिसं बाजूला करून पाहा, बुडाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी.

प्रश्न : पहाटे चारला आरवतो, शेजारी वैतागले आहेत. गळ्याला पट्टा बांधावा का? (मुलुंड)

उत्तर : नको. पट्टा जरा घट्ट झाला की दाणा गळ्यातल्या पिशवीत अडकतो, श्वासही कोंडतो. आरवणं त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालतं, आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. रात्री हवेशीर, पण काळोख्या खोलीत ठेवून सातला बाहेर काढलंत तर आवाज शेजारी कमी पोचतो, इतकंच. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये कोंबडा कायमचा ठेवता येईल असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : मग द्यायचा कुणाला? मेसेज टाकला तर वीस जण तयार झाले. (मालाड)

उत्तर : वीसपैकी बहुतेकांना तो हंडीसाठी हवा असणार. मेसेजमध्ये ‘फुकट’ लिहू नका. पहिलाच प्रश्न ‘वजन किती?’ असा आला तर पुढे बोलायची गरज नाही. असील, म्हणजे झुंजीच्या जातीचा असेल तर जास्तच जपा. झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी झुंजीसाठी मागणारे भेटतात. आणि गटारीच्या आधीच्या आठवड्यात कुणालाच देऊ नका, श्रावण लागू द्या.

कर्जत, मुरबाड, पालघरकडे ज्यांच्या अंगणात कोंबड्या आहेत त्यांना विचारा : माद्या किती, दुसरा नर आहे का? एका नरामागे आठ-दहा माद्या हव्यात, कमी असल्या तर त्यांच्या पाठीची पिसं झडतात. ब्रॉयलर जड असतो, गावठी माद्यांत सोडू नका. आधी आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवायला सांगा. पायाचा काटा टोकदार असेल तर द्यायच्या आधी कानशीने फक्त टोक घासा. खोल गेलात तर रक्त येतं, तेव्हा हळद दाबून धरा.