एवढ्याशा बाळाला रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन?

प्रश्न : माझं बाळ २९व्या आठवड्यात जन्मलं. आता दोन आठवड्यांचं आहे, वजन ११०० ग्रॅम. बेंबीतून घातलेल्या नळीच्या टोकाशी मोठ्या शिरेत गुठळी झाली आहे. डॉक्टर एनोक्झापॅरिन सुरू करायचं म्हणतात. मेंदूत रक्तस्राव झाला तर? आणि किलोमागे डोस मोठ्या माणसापेक्षा जास्त का?
- एक आई

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, रक्तदाब थोडा खालीवर झाला तरी फुटतात. पण असे बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत होतात. तुमचं बाळ तो काळ ओलांडून आलंय. तरीही पहिल्या डोसआधी टाळूवरून डोक्याची सोनोग्राफी आणि प्लेटलेटची तपासणी झालीच पाहिजे. सोनोग्राफीत ताजा रक्तस्राव दिसला, तर सहसा हे औषध देत नाहीत. गुठळी लहान असेल, रक्तप्रवाह अडत नसेल, तर औषध न देता सोनोग्राफीवर लक्ष ठेवणं हाही मार्ग असतो. तो आपल्या बाळाला का चालणार नाही, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता डोस. हे औषध रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाच्या मदतीनं काम करतं आणि नवजात बाळात हे प्रथिन मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून कमी असतं. शिवाय औषध शरीरातून लवकर बाहेर पडतं. म्हणून मोठ्यांना दर बारा तासांनी किलोमागे १ मिलिग्रॅम, तर अशा बाळांना बहुधा २ च्या आसपास लागतं. डोसनंतर ४ ते ६ तासांनी अँटी-टेन-ए पातळी, म्हणजे रक्तात औषधाचा परिणाम किती झाला ते, बघतात; ती मिलिलिटरमागे ०.५ ते १ युनिटमध्ये हवी. मात्र तुमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच १०० मिलिलिटरच्या आसपास, तेव्हा नमुना अगदी थोडा घ्यायला हवा.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मोजमापाची. मोठ्यांच्या तयार सिरिंजमध्ये ०.४ मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असतं. तुमच्या बाळाचे २.२ मिलिग्रॅम म्हणजे ०.०२२ मिलिलिटर! ते पातळ करूनच द्यावं लागतं आणि एका शून्याची चूक म्हणजे दहापट डोस. दोन सिस्टर स्वतंत्रपणे हिशेब तपासतात का, हे विचारायला संकोचू नका. अनेक डोसांच्या बाटलीत बेंझिल अल्कोहोल असू शकतं, ते या बाळांना घातक. त्याविरहित औषध वापरताहेत ना, तेही विचारा.

औषध चालू असताना बाळ एकदम फिकट पडलं, टाळू फुगली, झटके आले, श्वास थांबू लागला किंवा शी-उलटीत रक्त दिसलं, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. मांडीत स्नायूत द्यायचं कोणतंही इंजेक्शन आलं, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.