ऐन उन्हाळ्यात वाळवंटात एकट्याने गाडी घालायची, तर आधी फावड्याचा हिशोब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : फोर बाय फोर गाडी आहे, ग्रुपबरोबर दोन-तीनदा वाळूत चालवली आहे, आता भर उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी एकट्यानेच रस्ता सोडून चार-पाच तास आत जाऊन यायचंय. जवळ पूर्ण चार्ज केलेला फोन आणि बाटल्यांमधलं सहा लिटर पाणी. एवढं पुरेल का, आणि नेमका धोका कशाचा?

पुरणार नाही. धोका कशाचा, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो, कारण पुस्तकी यादी वाचून मीही कधी सुधारलो नव्हतो.

वाळूत चालवायला लागून मला तेव्हा चारेक वर्षं झाली होती, म्हणजे माणसाला आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं तो काळ. सकाळी लवकर निघालो होतो, अकरापर्यंत परत फिरायचं ठरलं होतं. अकराला वाटलं, समोरची एवढी एक टेकडी बघू आणि वळू. पलीकडे उतरलो तर दोन टेकड्यांमध्ये वाटीसारखा खोलगट भाग होता, वाळू पिठासारखी. बाहेर पडताना चढावर गाडीचा जोर मेला, मी घाबरून अॅक्सिलरेटर दाबला आणि चारही चाकं अॅक्सलपर्यंत आत गेली. दुसरी गाडी बरोबर असती तर पट्टा लावून दहा मिनिटांत बाहेर आलो असतो. मी एकटा. फावडं काढलं.

सव्वा तास उपसत होतो. सुकी वाळू उपसणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. दोन फावडी काढली की दीड फावडं परत घरंगळतं. मग जॅक लावला, खाली फळी न घालता, तो सरळ वाळूत बुडाला. पुन्हा उपसलं. या वेळात चार लिटर पाणी संपलं. मग मी ठरवलं की डांबरी रस्ता चारच किलोमीटरवर आहे, चालत जाऊ. एक बाटली उचलली आणि निघालो. टोपी सीटवर राहिली, गाडीचं इंजिन चालूच राहिलं. दोन-तीनशे मीटर गेल्यावर सहज मागे वळून पाहिलं, तर गाडी दिसेना. मधल्या टेकडीने झाकली होती. त्या क्षणी पोटात जो गोळा आला त्यानेच मला परत आणलं, अकलेने नव्हे.

गाडीच्या सावलीत जमीन थोडी खणून, वर चादर बांधून संध्याकाळपर्यंत पडून राहिलो. पाच वाजता जरा माणसात आलो आणि पहिला विचार आला तो हा : टायरची हवा अजून कमी केलीच नाही! वाळूत रुतल्यावर सगळ्यात आधी करायची गोष्ट, कारण हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूत कमी बुडतो. सकाळी मी १८ पीएसआयवर (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) होतो. १२ वर आणली, चाकांमागची वाळू थोडी सारली, आणि आपल्याच चाकोरीतून रिव्हर्स घेत वीस मिनिटांत बाहेर. फक्त रिव्हर्स. जे दर वेळी हात आपोआप करतात, ते दुपारी सव्वा तासात एकदाही सुचलं नव्हतं.

एकट्याने जाण्यातला खरा धोका हा आहे. उन्हात शरीर कोसळायच्या बरंच आधी निर्णय घेणारं डोकं बिघडतं, आणि बिघडलंय हे त्याच डोक्याला कळत नाही. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो, पण तिथवर पोचण्याआधी बराच वेळ तो चिडका, हट्टी आणि उगाच घाईचा झालेला असतो. बरोबर कुणी असेल तर तो म्हणतो, 'अरे, तू काय करतोयस? बस खाली.' दुसरी गाडी ओढायला उपयोगी पडतेच, पण माझ्या मते तिच्यातला माणूस जास्त उपयोगी.

आता पाण्याचा हिशोब. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या, वर गेलं की वारासुद्धा थंडावा देत नाही, उलट अंग तापवतो. मग शरीराकडे उष्णता बाहेर टाकायला एकच मार्ग उरतो : घाम. आणि तो सुकला तरच उपयोग. फावडं मारताना तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो. कोरड्या हवेत तो इतक्या पटकन उडतो की अंग ओलं होत नाही, म्हणून वाटतं आपल्याला फारसा घाम येत नाहीये. शर्टावर पांढरे मिठाचे डाग दिसतात तेव्हा कळतं. म्हणजे तुमचे सहा लिटर हे चार-पाच तासांच्या फेरफटक्याचं पाणी नाही. ते चार-पाच तासांच्या फावड्याचं पाणी आहे, आणि त्यानंतरच्या रात्रीसाठी त्यातलं काही उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला होता. त्यांचा हिशोब असा की दिवसाचं तापमान ४९ अंशांपर्यंत जात असेल आणि पाणी अजिबात नसेल, तर सावलीत निश्चल पडून राहिलेला माणूस जेमतेम दोन दिवस काढतो. रात्री चालत राहिला तर त्याहून कमी. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्या सगळ्यांच्या मनात उलटी बसलेली असते : पाणी घोट-घोट पुरवून वापरल्याने आयुष्य वाढत नाही. तहान लागेल तसं प्यायचं. काटकसर करायची ती घामाची : हालचाल कमी, सावली, अंगभर सैल कपडे. तसंच, तासाला लिटर-दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसू नका. घामाबरोबर मीठही जातं, आणि मूत्रपिंडं तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतात, त्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस तसाही आडवा होतो. क्षारांच्या पुड्या ठेवा.

माझा आकडा विचाराल तर एका दिवसाच्या फेरीला माणशी किमान पंधरा-वीस लिटर, आणि तेही एकाच कॅनमध्ये नाही. एक कॅन फुटला की खेळ संपला, म्हणून तीन-चार ठिकाणी.

गाडी सोडून चालत जाणं हा माझा मूर्खपणा होता, पण तो माझा एकट्याचा नाही. जुलै १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत दोन मोठी आणि दोन मुलं असे चार जर्मन पर्यटक साध्या मिनीव्हॅनमधून एका आडवाटेच्या घळीत शिरले. गाडी ऑक्टोबरमध्ये सापडली, टायर बसलेले. माणसं नव्हती. अस्थी सापडल्या त्या २००९ मध्ये, गाडीपासून कित्येक किलोमीटरवर. उलट उदाहरण १९८२ च्या जानेवारीतलं : पॅरिस-डकार रॅलीत तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानांचा मुलगा मार्क थॅचर आणि त्याचे दोन साथीदार अल्जेरियाच्या सहारात हरवले. गाडी मोडली होती. ते गाडीपाशीच थांबले आणि सहाव्या दिवशी अल्जेरियाच्या लष्करी विमानाला दिसले. महिना जानेवारीचा होता हे विसरू नका, जुलैत सहा दिवस मिळत नाहीत. विमानातून गाडी दिसते, चमकते, तिची सावली पडते, चाकोऱ्या तिच्याकडे नेतात. चालणारा माणूस हा वाळूवरचा एक ठिपका.

पण गाडीपाशी थांबणं म्हणजे गाडीत बसणं नव्हे. बंद गाडी उन्हात तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. सावली हवी ती गाडीच्या बाजूला, कापड बांधून, आणि पडायचं ते थेट तापलेल्या जमिनीवर नाही. डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला १५ जुलै १९७२ रोजी जमिनीचं तापमान ९३.९ अंश नोंदलं गेलं होतं. चहाचं पाणी उकळायला सहा अंश कमी. वरचा तापलेला थर हाताने बाजूला सारला तरी खालची वाळू पुष्कळ सुसह्य लागते. मी सीटचं आवरण काढून त्यावर पडलो होतो.

फोनबद्दल. रेंज नसेल हे तुम्हालाही माहीत असणार. पण रेंज असली तरी डॅशबोर्डवर ठेवलेला फोन 'तापमान जास्त आहे' असं सांगून बंद पडतो, बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. आणि तुमचा नकाशा त्यातच असणार. नकाशा दुसऱ्या कशावर तरी घ्या, कागदावर चालेल. एकट्याने जायचंच तर उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं उपकरण किंवा ४०६ मेगाहर्ट्झवरचं आणीबाणीचं बीकन, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव पथकाला तुमचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र, हवंच. तुम्ही जाणार तिथे ते वापरायला परवाना लागतो का, हे आधी बघून घ्या. आणि ते अंगावर ठेवा, गाडी उलटली तर डिकीत ठेवलेलं हाती लागत नाही.

गाडी उलटण्यावरून आठवलं : वाळूच्या उतारावर कधीही तिरकं जाऊ नका. चढायचं तर सरळ, उतरायचं तर सरळ. टेकडीची वाऱ्यामागची बाजू तेहतीस-चौतीस अंशांपर्यंत उभी असते, आणि दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या नसल्यामुळे माथ्याच्या पलीकडे उतार आहे की कडा, हे वीस फुटांवरूनही कळत नाही. सकाळी आणि संध्याकाळी तीच टेकडी स्पष्ट वाचता येते. पहाटे वाळू किंचित दमट आणि घट्टही असते. दुपारी अकराला मी जिथे रुतलो, तिथून सकाळी सातला बहुधा शीळ घालत गेलो असतो. मिठाची सपाट पठारं दिसली तर लांबून वळसा घाला, वरची खपली कडक आणि खाली चिखल असतो. त्यातून फावड्यानेही सुटका नाही.

इंजिनाचं म्हणाल तर मऊ वाळूत, लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे जास्त जोराचे, संथ गिअर), मागून वारा असताना रेडिएटरला हवाच मिळत नाही. काटा चढायला लागला की एसी बंद, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून इंजिन चालू ठेवून थांबायचं, आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोल-डिझेल रस्त्यापेक्षा दुप्पट जातं असं धरून चाला. सुक्या गवतातून गेला असाल तर थांबून खाली वाकून बघा, तापलेल्या एक्झॉस्टला चिकटलेलं गवत गाडी पेटवतं.

टायरची हवा कमी करणं, रुतल्यावर खाली पोलादी पट्ट्या टाकणं, रेडिएटरची वाफ डब्यात पकडून पुन्हा पाणी करणं, या युक्त्या राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी १९२० आणि ३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्या चालवताना घासून-पुसून पक्क्या केल्या. वाळू कशी उडते, कशी बसते यावर मूलभूत संशोधन करणारा हा माणूस. तोसुद्धा एका गाडीने जात नसे.

आता इतकं वाचूनही जायचंच असेल, तर उन्हाळा सोडून जा. ऑस्ट्रेलियात सिम्पसन वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान दर वर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च, म्हणजे तिथला उन्हाळाभर, बंदच ठेवतात. आणि तेही थांबणार नसाल, तर उजाडताना आत शिरा, नऊला परत डांबरावर या, आणि डांबर नजरेआड होईल इतकं आत जाऊ नका. रुतलात तर आधी इंजिन बंद, मग दहा मिनिटं सावलीत बसून पाणी, मग टायरची हवा, आणि फावडं सगळ्यात शेवटी. हा क्रम मी गाडीच्या सनशेडवर मार्करने लिहून ठेवलाय, कारण त्या वेळी तो आठवणार नाही हे मला आता माहीत आहे.

घरी एक चिठ्ठी ठेवून निघा : डांबर कुठे सोडणार, किती वाजता परतणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. गाडीचा रंगही लिहा. माझी पांढरी आहे, वरून वाळूत ती लवकर सापडायची नाही, म्हणून टपावर पसरायला एक भडक नारिंगी ताडपत्री सीटखाली पडलेली असते.