खाली गेल्यावर मला वर यावंसं वाटलं तर?

मी समुपदेशक. दिवाळी झाली की माझ्या खोलीत समुद्र यायला लागतो. लोक येतात ते नेहमीचीच गाऱ्हाणी घेऊन, म्हणजे सासू, साहेब, मुलाची बारावी. पण तास संपून उठताना, दाराशी चप्पल शोधताना कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, एक विचारायचं राहिलंच. आम्ही अंदमानला चाललोय. घरच्यांनी ते स्कूबा बुक केलंय. खाली गेल्यावर मी घाबरले तर?"

मालवण-तारकर्लीमुळे स्कूबा हा शब्द आता आपल्याकडे कुणाला नवा राहिलेला नाही, आणि हा प्रश्नही. गेल्या हंगामात तो इतक्यांदा कानावर आला की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. एकीची गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा पुसून. तिला आपण ताईच म्हणू.

ताई पन्नाशीला टेकलेल्या, बँकेत अधिकारी. नवरा, कॉलेजातली मुलगी, नणंद आणि तिचे यजमान असा पाच जणांचा बेत. आधी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायची, मग बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि तिथे प्रवाळावर स्कूबा. पैसे आगाऊ भरून झालेले. ताई पंधरा दिवस रात्री तीनला दचकून उठत होत्या.

इथे माझी चूक आधी सांगते. पाण्याची भीती असं मी गृहीत धरलं आणि दोन तास श्वासाचे व्यायाम करून घेण्यात घालवले. ताईंनी ते गुणी विद्यार्थिनीसारखे केले. तिसऱ्या वेळी मी सहज विचारलं, "पोहायला येतं का हो तुम्हाला?"

"येतं की. मामाच्या विहिरीत शिकले. पाठीला डबा बांधून मामांनी ढकलून दिलं होतं. पुढे तर मी वरच्या पायरीवरून मुटका मारायची."

मुटका मारणारी बाई पाण्याला भीत नाही. अठरा वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही मी पहिल्या दिवशी हे विचारलं नव्हतं! मग मी नेहमीचा प्रश्न काढला, जो मी चार दारं फिरून शेवटी काढते: "समजा, सगळ्यात वाईट घडलं. म्हणजे नेमकं काय घडलं?"

"खाली गेले आणि मला वर यावंसं वाटलं."

"मग वर यायचं."

"आणि बाकीचे चौघं? त्यांनी पैसे भरलेत. माझ्यामुळे सगळ्यांना वर यावं लागलं तर? नणंदेचे यजमान आयुष्यभर बोलून दाखवतील."

गुदमरणं, मासे, शार्क, यातलं काहीच त्यांच्या यादीत नव्हतं. त्यांना भीती होती ती 'मला नको' असं म्हणावं लागण्याची.

मी ज्या विचारांच्या घराण्यात शिकले ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं. १९५५ च्या सुमाराला त्यांनी समुपदेशनाची ही पद्धत मांडायला सुरुवात केली. तिचं बीज मात्र एपिक्टेटस या जुन्या तत्त्वज्ञाचं. प्रसंग माणसाला छळत नाहीत, प्रसंगाबद्दलचं त्याचं मत छळतं. आपल्या मराठीत ते छळणारं मत ओळखायला एक अक्षर पुरतं: च. मला जमलंच पाहिजे. माझ्यामुळे कुणाचा विरस होताच कामा नये. माझ्यासमोर बसून कुणी बोलायला लागलं की मी कागदावर नुसते 'च' मोजते. ताईंचे त्या दिवशी अकरा झाले.

आता थोडं त्या समुद्राबद्दल, कारण अर्धी भीती माहिती नसल्याची असते. मी स्वतः मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा खाली जाऊन आले आहे, आणि ताईंच्या निमित्ताने हॅवलॉकला शिकवणाऱ्या एका ओळखीच्या मुलाशी तासभर फोनवर बोलले.

अंदमानात घड्याळ आपलं आणि सूर्य पार पूर्वेचा. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधार पडतो, म्हणून ही मंडळी सकाळी लवकर बोलावतात. नाश्ता हलका करा, आदल्या रात्री मद्य नको. गेल्या गेल्या एक फॉर्म हातात पडतो: दमा, हृदयविकार, फिट, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण. तिथे 'हो' असेल तर 'हो'च लिहा. पैसे बुडतील म्हणून खोटं 'नाही' लिहिणारे खूप असतात, ते पुढे महागात पडतं. कुठल्या आजाराबद्दल शंका असेल तर इथूनच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघा.

मग वेटसूट. तो चढवणं म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबणं. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं. काठावर जीव नकोसा होतो, पाण्यात शिरलं की ते ओझं कुठे गेलं कळत नाही. सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो असं पुष्कळांना वाटतं. असते ती आपली रोजचीच हवा, दाबून भरलेली. काच धुकटू नये म्हणून मास्कमध्ये थुंकायला सांगतात. ताईंना हे ऐकून जेवढा धक्का बसला तेवढा शार्कने बसला नसता.

छातीएवढ्या पाण्यात सुमारे अर्धा तास तालीम होते. तोंडाने श्वास घ्यायचा. तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून हवा येते तो, काढून परत बसवायचा. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर घालवायचं. आणि कान: विमान उतरताना दडे बसतात ना, तेच इथे मीटर-दोन मीटरवर सुरू होतं, कारण दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट झालेला असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर द्यायची, दुखायच्या आधी. दुखलंच तर थोडं वर यायचं, कान मोकळा करायचा, पुन्हा खाली. सर्दी असेल तर हे होत नाही. त्या दिवशी सरळ रजा घ्या.

पोहता येत नसलं तरी हे जमतं, कारण पहिल्यांदाच जाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून असतो, वर-खाली तोच करतो. अशांना १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही हा नियम. बहुतेक जण सहा-आठ मीटरवरच खूश असतात. पाण्याखाली वीस ते तीस मिनिटं. बुक करताना एकच विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? एक असेल तर उत्तम, दोन ठीक. त्यापुढचा आकडा ऐकला तर मी पैसे भरणार नाही. मालवणात आमच्या बोटीवरच्या माणसाने पाच मिनिटांत तालीम उरकली होती आणि फोटोत गर्दी दिसावी म्हणून माशांना पाव चारला होता. प्रवाळाला आपल्या कायद्याने वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलंय, तरी एकाने त्यावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. तो दगडासारखा दिसणारा प्रवाळ जिवंत प्राण्यांची वसाहत असतो. हात, पाय, काहीच लावू नका.

खाली नियम एकच, पण तो कडक: श्वास रोखून धरायचा नाही. वर येताना दाब उतरतो तशी छातीतली हवा फुगते, आणि तिला वाट ठेवली नाही तर फुप्फुसाला इजा होते. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. बुडबुड्यांचा आवाज सुरुवातीला भयंकर मोठा वाटतो. दोन मिनिटांनी तोच सोबत करतो.

तर, पाचवी भेट. ताईंना स्कूबा केंद्राकडून खुणांचं चित्र आलं होतं. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार हातांनी. त्या फोन पुढे करून मला एकेक खूण करून दाखवत होत्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं: ठीक आहे. पसरलेला पंजा डावी-उजवीकडे हलवायचा: काहीतरी बिघडलंय. मग त्यांनी अंगठा वर केला.

"हे म्हणजे छान चाललंय, ना?"

"चित्राखाली काय लिहिलंय बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वर चला."

"आणि तो कुणी दाखवला की काय होतं, ते मी त्या मुलाला विचारलंय. दाखवणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. कुणीही, कधीही, कशासाठीही दाखवावा. नुसतं मन नाही म्हणालं तरी चालतं. मोठे मोठे डायव्हरही हाच शिरस्ता पाळतात. आणि तुमच्यामागे तुमचा स्वतःचा माणूस असणार. तुम्ही वर आलात तर तो येईल, बाकीचे चौघं खालीच राहतील."

मला वाटलं, त्या सुटकेचा श्वास टाकतील. पण त्या गप्पच झाल्या. बाहेर कुकरची शिट्टी झाली, दोन झाल्या. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी तोंड मिटून बसणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं. मग त्यांनी फोनवर घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडला आणि अंगठ्याने वर वर सरकवत राहिल्या.

सासूबाई दोन महिने राहायला येतायत. खाली ताईंचा अंगठा. रविवारी बारा माणसं जेवायला. अंगठा. दिवाळीचा सगळा फराळ घरीच करू या का? अंगठा. पाच जणांसाठी स्कूबा बुक केलं, चालेल ना? अंगठा.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे सगळे 'वर चला' होते."

या धंद्यात वर्षाला असे दोन-तीन क्षण वाट्याला येतात, आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्यासाठीच मी टिकून आहे. मी सतरा प्रश्न विचारून जिथे पोचले नसते तिथे ताई एका चित्राने पोचल्या. मला कळलं ते एवढंच: ज्याला परतीचा रस्ता आपला वाटत नाही, त्याला पहिली पायरीसुद्धा उतरवत नाही. हॅवलॉकला अजून बारा दिवस होते आणि शिकायचं होतं ते पाण्याबाहेर.

म्हणून गृहपाठ समुद्राचा दिलाच नाही. लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात जायचं, गादीवर बसून साड्या काढायला लावायच्या, आणि न घेता उठायचं. अट एकच. 'यांना दाखवून येते', 'रंग जरा अजून फिका हवा होता', 'पर्स घरी राहिली' यातलं काही म्हणायचं नाही. 'नाही आवडली, येते.' बस्स.

पुण्यात राहणाऱ्या बाईला यापेक्षा अवघड काम देता येत नाही. ताई पहिल्या वेळी साडी घेऊनच परत आल्या. मोरपंखी, खरंच सुरेख होती. दुसऱ्या वेळी चौदा साड्या उलगडून झाल्यावर उठल्या. दुकानदार "बरं ताई" म्हणाला आणि घड्या घालायला लागला. "एवढंच?" ताई मला विचारत होत्या. "मॅडम, तो नुसतं बरं म्हणाला!" त्याच आठवड्यात त्यांनी रविवारच्या बारा माणसांना पोळीभाजी बाहेरून मागवली, कुणालाही स्पष्टीकरण न देता.

तुमच्यापैकी कुणाला हीच धास्ती असेल तर निघण्याआधी घरात एक वाक्य मोठ्याने बोलून ठेवा: 'मी कदाचित अर्ध्यातून परत येईन.' फक्त कळवायचं, परवानगी मागायची नाही. आणि प्रशिक्षकालाही भेटल्या भेटल्या सांगा की मी घाबरलेय. त्याला याची रोजची सवय असते, तो तालीम सावकाश घेतो. लपवून शूर झालेल्या माणसाचीच त्याला काळजी वाटते. शिवाय परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. एकदाच खाली गेला असाल तर निदान १२ तास, जास्त वेळा गेला असाल तर १८ तास मध्ये जायला हवेत. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

ताई परत आल्यावर व्हिडिओ घेऊनच आल्या. तीन मीटरवर त्यांचा कान दुखला, त्यांनी पंजा हलवला, प्रशिक्षकाने थोडं वर घेतलं. पुन्हा खाली. सहाव्या मिनिटाला काही कारण नसताना त्यांनी अंगठा दाखवला. "मला बघायचं होतं खरंच चालतं का," म्हणाल्या. चाललं. दोघं वर आले, लाटांवर तरंगत राहिले, त्याने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने ताईंनीच अंगठा उलटा करून खाली दाखवला. मग बावीस मिनिटं. क्लाउनफिश आपल्या झुडपात आत-बाहेर करतोय आणि ताई त्याच्यापुढे हाताचं कडं धरून लोंबकळतायत, असं एक दृश्य त्यांनी मला तीनदा दाखवलं.

"आणि बाकीचे?"

"मुलगी आणि नणंद तर वर यायलाच तयार नव्हत्या. नणंदेच्या यजमानांनाही आवडलं. पण आमचे हे! सर्दी झालेली, फॉर्मवर लिहिलीच नाही. दोन मीटरवर कान असा दुखला की वर आले ते बोटीवर बिस्किटं खात बसले. पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत ड्रायव्हरला, हॉटेलवाल्याला, शेजारच्या सीटवरच्या माणसाला, प्रत्येकाला सर्दीची हकिगत. शेवटी मीच म्हटलं, अहो, कारण विचारलंय का कुणी?"