पीस रेटवर 22 वर्षं माग चालवणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते का? किती?

मिळते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम. तुम्ही लिहिलंय की वडिलांची अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात 22 वर्षं 8 महिने झालीत, मजुरी पीस रेटवर, म्हणजे जेवढा माल तेवढे पैसे अशी आहे, आणि येत्या दिवाळीला ते काम सोडणार म्हटल्यावर मालक म्हणाले, "पीस रेटवाल्याला ग्रॅच्युइटी नसते, माझ्या खुशीनं पन्नास हजार देतो." मी सोलापुरात मागाच्या कारखान्यांची पगारपत्रकं लिहितो, हे वाक्य मला पाठ झालंय. यात खुशीचा संबंधच नाही. दहा किंवा जास्त कामगार आणि सलग पाच वर्षं नोकरी, एवढं असलं की हक्क तयार होतो. पुढे कामगार दहाच्या खाली आले तरी तो जात नाही.

1972 चा ग्रॅच्युइटी कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण वडिलांच्या बाबतीत हिशोब तोच: दर वर्षाला 15 दिवसांची मजुरी. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे वडिलांची 23 वर्षं.

आता खरी मेख. पीस रेटवाल्याची रोजची मजुरी काढताना काम सोडण्याआधीच्या फक्त तीन महिन्यांची सरासरी बघतात, ओव्हरटाइम वगळून. समजा त्या तीन महिन्यांत 78 हजेऱ्यांवर 46,800 रुपये झाले. रोज 600, पंधरा दिवसांचे 9,000, गुणिले 23, म्हणजे 2,07,000. आता तेवढ्याच हजेरीत 31,200 चंच काम निघालं तर? रोज 400 आणि हातात 1,38,000. तीन महिने माल कमी निघाला, तर मार 23 वर्षांना बसतो. आमच्याकडे नेमकं तेच घडतं. माणूस जाणार हे कळलं की त्याला जुना, सारखा धागा तुटणारा माग देतात, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) उशिरा चढवतात, आणि तोही म्हणतो, जाऊ दे, आता कशाला पळायचं. वडिलांना सांगा, पळायचं असेल तर आत्ताच. आणि प्रत्येक आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरी अडचण नोकरीच्या पुराव्याची येईल. दर चार-पाच वर्षांनी पाटीवरचं फर्मचं नाव बदलायचं, आधी मालकाचं, मग त्याच्या मुलाचं, मग सुनेचं, अशी रीत आहे. शेड तीच, माग तेच, कामगार तोच, तर नोकरी सलग आहे हे मांडता येतं. पीएफचं पासबुक आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड काढून ठेवा, रुजू झाल्याची तारीख तिथे सापडते. एका वर्षात 240 दिवस काम भरलं की ते वर्ष सलग धरतात. मंदीत मालकानंच माग बंद ठेवून बसवलं असेल तर त्यानं नोकरी तुटत नाही.

"उचल (आगाऊ घेतलेले पैसे) कापून घेतो" असंही ऐकाल. ग्रॅच्युइटी कुठल्या कारणांसाठी अडवता येते ते कायद्यात मोजून दिलंय: कामगाराने नुकसान केलं, मारामारी केली, असल्या गोष्टींवरून नोकरीतून काढलं असेल तर. उचल त्यात नाही. कोर्टाच्या जप्तीलाही ही रक्कम लागत नाही.

काम सोडल्यावर तीस दिवसांच्या आत मालकाला लेखी अर्ज द्या. हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. मालकानेही तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर वर व्याज. दाद लागली नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, पुढचा अर्ज कुणाकडे करायचा ते तिथे कळेल. तडजोड करायचीच असेल तर निदान वरचा आकडा समोर ठेवून करा, आणि "सर्व हिशोब मिळाला" असं छापलेल्या कागदावर पैसे खात्यात जमा होण्याआधी सही करू नका.

आणि वारसदाराच्या नोंदीचा फॉर्म भरलाय का तेही बघा. बहुतेकांचा कोराच असतो. तो आत्ताच आईच्या नावानं भरून द्या.