नाव वेगळं ठेवा, पण ‘दप्तरातला द’ तयार ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी पंधरा दिवसांची आहे, तुम्हा दोघांना ‘झुळूक’ हे नाव आवडलंय, पण सासूबाई म्हणतात, “हे काय नाव झालं? पोरीला जन्मभर समजावत बसावं लागेल.” नाशिकमध्ये कुणी असं नाव ठेवलंय का, आणि पश्चात्ताप होतो का?

आम्ही ठेवलंय. माझ्या मुलीचं नाव दारणा. चौथीत आहे. पश्चात्ताप नाही, वैताग मात्र भरपूर झाला, तो सांगते.

माझं माहेर भगूरचं, दारणेच्या काठचं. 2016च्या ऑगस्टच्या सुरुवातीला गोदेला मोठा पूर आला होता, तुम्हाला आठवत असेल. मी तेव्हा पंचवटीतल्या एका दवाखान्यात दिवस मोजत पडलेली. बाहेर बाकावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय : गोदापात्रातल्या, पूर मोजायच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं? कंबरेला, छातीला, गळ्याला. मी कळा देणार होते आणि माणसं मारुतीची उंची मोजत होती. तेवढ्यात आजीचा भगूरहून फोन. “इकडं दारणा दुथडी भरून चाललीय गं. तू कशी आहेस?” आधी नदी, मग नात. दोन दिवसांनी मुलगी झाली आणि माझ्या डोक्यात दुसरं नाव येईचना.

नवरा म्हणाला, नदीचंच हवं असेल तर गोदावरी ठेवू, निदान लोकांना कळेल तरी. मी म्हटलं, गोदावरी सगळ्यांची आहे, दारणा माझी आहे.

मग घरात जे व्हायचं ते झालं. सासूबाईंना नावरस नाव हवं होतं. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर आलं ‘चा’. त्या मनात चारुशीला धरून बसल्या होत्या. (तरी आम्ही सुटलो म्हणायचं. आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ येतो, उत्तराभाद्रपदेला ‘ञ’ येतो. ‘ङ’वरून पोरीचं नाव काढून दाखवा!) एक चुलत सासरे थेट मनुस्मृतीवर आले : नदीच्या नावाची मुलगी वर्ज्य. खरंच आहे, तिसऱ्या अध्यायात तसं लिहिलंय, नक्षत्र, झाड आणि नदी यांची नावं असलेली मुलगी करू नये म्हणून. मी विचारलं, “काका, तुमच्या आईचं नाव काय?” भागीरथी. मोठ्या सुनेचं? रोहिणी. काकांनी चहा मागितला.

बारशाला ननंदेनं तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं, कानात ‘कुर्रर्र’ केलं, पाठीवर बायकांचे धपाटे खाल्ले आणि मोठ्यानं नाव सांगितलं. क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातून कुणीतरी : “काय? धारणा?” दुसरी म्हणाली, “दारुणा असेल.” तेव्हा माझी आजी बसल्या जागेवरून ओरडली, “अगं, आपली नदी!” संपलं. पुढच्या मिनिटाला सगळ्या घुगऱ्यांकडे वळल्या.

तिथंच मला एक गोष्ट कळली. नाव समजावून सांगावं लागतं का, हा प्रश्नच अपुरा आहे. किती शब्दांत समजावता येतं, ते बघायचं. ‘आपली नदी’ हे दोन शब्द झाले. नाशिकमध्ये याहून मोठं उदाहरण कुठलं देऊ? कुसुमाग्रज. आज ते नाव आपल्याला जन्मापासून माहीत असल्यासारखं वाटतं, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं विचारलंच असेल ना, हे काय नाव? बहिणीचं नाव कुसुम, तिचा मोठा भाऊ म्हणून कुसुमाग्रज. झालं. एका दमात सांगून होतं, आणि सांगितल्यावर नाव आणखी आवडतं. याउलट आमच्या ओळखीत एका मुलाचं नाव आहे, त्याचा अर्थ सांगायला त्याचे वडील आधी संस्कृत धातू सांगतात, मग उपसर्ग, मग ‘तसं पाहिलं तर’. मुलगा तोवर पायानं फरशी उकरत असतो.

आता वैताग. तो नाव ऐकताना आणि लिहिताना होतो, अर्थ सांगताना नाही. दवाखान्यात जन्माचा फॉर्म भरणाऱ्यानं ऐकून ‘धारणा’ लिहिलं. बरं झालं मी सही करण्याआधी वाचलं. लसीच्या कार्डावर ‘धरणा’ आहे, ते तसंच राहिलं, बघितलं की उपोषणाला बसल्यासारखी वाटते पोर. इंग्रजीत डी-ए-आर-एन-ए लिहिलं की हिंदीवाले ‘डरना’ वाचतात. रेल्वेत एका काकूंनी मोठ्या कळवळ्यानं विचारलं होतं, बच्ची का नाम डरना क्यों रखा? अखेर ‘डी’नंतर ‘ए’ दोनदा घालायचं ठरवलं. दिसायला बरं दिसत नाही, पण डरना तरी टळलं.

आणि हे अंतरावर अवलंबून असतं. भगूर-देवळालीत काहीच सांगावं लागत नाही. नाशिकरोडला तर उलटंच : तिकडं चेहेडीच्या पंपिंग स्टेशनवरून दारणेचंही पाणी येतं. आम्ही तिकडं राहायला गेलो तेव्हा मुलगी पहिलीत होती. एक दिवस शाळेतून आली ती गाल फुगवून. “आई, मुलं म्हणतात, आम्ही तुला रोज पितो.” मी हसू दाबत म्हटलं, मग म्हणावं, उकळून प्या. ते तिला फार आवडलं. पंचवटीत ‘कुठली दारणा? ती धरणाची?’ एवढं होतं, पुण्यात एक वाक्य लागतं, बंगळूरला दोन.

पावसाळ्यात मात्र आमच्या घरी रोज करमणूक. ‘दारणातून विसर्ग वाढवला’ अशी बातमी आली की किमान चार जण ती मला पाठवतात. ती रडायला लागली की तिचा मामा विचारतो, “आज किती क्युसेक?” नवऱ्याच्या ऑफिसात संभाजीनगरचे एक गृहस्थ आहेत, ते म्हणतात, “वहिनी, कितीही अडवा, तुमची दारणा शेवटी जायकवाडीतच येणार.” म्हणजे जावई मराठवाड्यातला, हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलंय. हे सगळं मी मोजलं नव्हतं. तुम्ही मोजून ठेवा : नाव ठेवल्यावर त्यावरचे विनोद दहा वर्षं तेच ते ऐकायचे असतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपणच पहिले.

आता तुमच्या झुळुकेकडे येते. तुमचं नाव माझ्यापेक्षा वेगळ्या जातीचं आहे. ‘दारणा’ लोकांना माहीत नसतं, म्हणून सांगावं लागतं. ‘झुळूक’ सगळ्यांना माहीत आहे. लोक अर्थ विचारणार नाहीत, ‘असं नाव असतं का?’ एवढंच विचारतील. त्यावर मी तरी म्हणेन, वर्षा असतं, छाया असतं, ज्योती, लता, सागर, प्रकाश असतं, मग झुळुकेनंच काय घोडं मारलंय? पहिल्यांदा कुणीतरी वर्षा ठेवलं तेव्हाही एखादी सासू म्हणालीच असेल, अगं, भिजेल ना पोर!

पण तीन गोष्टी आत्ताच करून बघा. एक, नाव व्याकरणात घालून बघा. वाऱ्याची असली तर ‘झुळुकेनं बरं वाटलं’, मुलगी असली तर ‘झुळूकला जेवायला बोलाव’. आमच्याकडे आजी नदीला ‘दारणेला पूर आलाय’ म्हणायची आणि पोरीला ‘दारणाला दूध दिलं का’, कधी चुकली नाही. हाक मारून बघा, रागावून बघा, जिन्यातून वर ओरडून बघा. जे नाव रागावून मारता येत नाही, ते टिकत नाही, मग आपोआप पिंकी होतं. दोन, ‘झ’ आणि ‘ळ’. हा ‘झ’ झाडातला, तो नाही निघत सगळ्यांच्या तोंडून, आणि ‘ळ’ तर हिंदीवाल्यांच्या तोंडी ‘ल’च होणार. गोपाळचा गोपाल होतो तसं झुलूक होईल, ते तुम्हाला कानाला चालतंय का बघा. तीन, इंग्रजी स्पेलिंग झेडनं की जे-एचनं? झेडनं लिहून शोधलंत तर सिक्कीममधलं झुलुक नावाचं डोंगरातलं गाव आणि तिथली राहायची सोय समोर येईल. वाईट काही नाही, सुंदर जागा आहे. पण माहीत असावं.

स्पेलिंगचं इतकं का सांगतेय, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. घाई मात्र अजिबात नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, नाव त्याच वेळी द्यायलाच हवं असं नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते, पुढं 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा महिना-दोन महिने घरात झुळूक म्हणून हाक मारा. जीभ रुळली तर लिहा.

आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचंही नाव येतं : मुलीचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे ‘झुळूक’नंतर लगेच तुमचं नाव. ते एकत्र मोठ्यानं वाचून बघा, काही जोड्या फार विनोदी होतात. (आईचं नाव लावायची पद्धत नाशिकला नवी नाहीच म्हणा. पांडवलेण्यांत सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आणि तिचा लेक गौतमीपुत्र म्हणूनच ओळखला जातो.)

सासूबाईंचं काय? पाळण्यातलं दुसरं नाव त्यांना ठेवू द्या. आमच्या सासूबाई अजून चारू म्हणतात, आणि मुलगी दोन्हीला ओ देते. मी सुरुवातीला यावरून उगाच भांडले.

परवा पोहण्याच्या क्लासला नाव घालायला गेलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनंच टेबलावर कोपरं टेकून सांगितलं, “दारणा. दप्तरातला द, धरणातला ध नाही. नदी आहे.” लिहिणाऱ्या दादांनी मान वर न करता विचारलं, “पोहता येतं का?” “नाही,” ती म्हणाली, “म्हणून तर आलेय.”