विचारा बिनधास्त : कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सला गेलं की नक्की काय शिकवतात?

प्रश्न : ताई, मी बार्शीला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये एमएस्सी करायचं डोक्यात आहे, पण घरी सगळे म्हणतात हॅकिंग शिकून काय करणार, पोलिसात जाणार का. माझं कोडिंग ठीकठाक आहे, फार भारी नाही. तिथं दिवसभर काय करायला लावतात आणि पुढे काम मिळतं का, खरं खरं सांग ना.

उत्तर : अगं, मी स्वतः आता दुसऱ्या वर्षाला आहे त्यामुळे ताजं ताजं सांगते. घरच्यांना पहिलं हे सांग की हॅकिंग त्यात तोंडी लावण्यापुरतं असतं. खरं काम म्हणजे जप्त केलेला लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह समोर आला की त्यातलं काहीही न बदलता त्याची तंतोतंत कॉपी घ्यायची, मूळ वस्तू सील करून ठेवायची, कॉपीवर काम करायचं आणि जे सापडलं ते असं लिहायचं की दुसऱ्या कुणी तेच केलं तर त्यालाही तेच सापडलं पाहिजे. पहिल्या सेमिस्टरला हे ऐकून आमच्या बॅचमधले बरेच चेहरे पडले होते, सगळे सिरीज बघून आलेले ना.

लॅबमध्ये सुरुवात राइट ब्लॉकरपासून. डिस्क नुसती जोडली तरी विंडोज आपणहून त्यावर काहीबाही लिहून ठेवतं, ते अडवायला हा डबा मधे लावायचा, मग एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने इमेज म्हणजे डिस्कची तंतोतंत कॉपी घ्यायची आणि हॅश काढायची, म्हणजे डेटावरून निघणारा ठशासारखा आकडा, डेटा जरा बदलला की तोही बदलतो. एमडी५ ही हॅशची जुनी पद्धत, एकट्या तिच्यावर भागत नाही, कारण दोन वेगळ्या फाइलींचा एमडी५ मुद्दाम सारखा आणता येतो हे २००४ मध्येच दाखवून झालंय, म्हणून एसएचए-२५६ या जास्त भक्कम पद्धतीची हॅश पण काढायची. हे फक्त मार्कांसाठी नाहीये. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं त्यात हॅश लिहायची असते आणि त्याचा दुसरा भाग एक्स्पर्टने भरायचा असतो.

आणि हो, कायदा! तो पेपर सगळ्यांना बोअर वाटतो, मला मात्र सगळ्यात जास्त तोच आवडला आणि त्याला कारण आपली जालन्याची केस. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, तर हरलेल्या कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं की यांचा अर्ज दुपारी तीनची वेळ संपल्यावर भरलाय. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. व्हिडिओत दिसतंय की, मग अजून काय पाहिजे, असं आपल्याला वाटतं, पण तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या ६५ब कलमाचं तसलंच प्रमाणपत्र हवं होतं आणि परत परत मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी ते दिलंच नाही. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला की मूळ उपकरणच कोर्टापुढे आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच, पण ज्याने ते मिळवायला सगळे प्रयत्न केले त्याला समोरच्याच्या नकारापायी दोषी धरता येणार नाही. निवडणूक रद्दची रद्दच राहिली. आता देशभरात डिजिटल पुराव्याचा वाद निघाला की वकील हाच निकाल काढतात.

वेळेचं प्रकरण पण असंच डोकं खाणारं. विंडोजची फाइली साठवायची एनटीएफएस सिस्टिम वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि पेनड्राइव्हवरच्या जुन्या फॅट सिस्टिममध्ये लोकल वेळ. दोन्ही एकाच टाइमलाइनमध्ये तशाच टाकल्या की आरोपी एकाच वेळी घरी पण आणि ऑफिसात पण. मग मॉक कोर्टात सर वकील होऊन विचारतात, "मॅडम, ही वेळ कुठल्या घड्याळाची? ते घड्याळ बरोबर होतं हे तुम्ही तपासलं का?" पहिल्यांदा त्वचेखालून मुंग्या गेल्यासारखं होतं गं. म्हणून माझं मत सरळ आहे, कोडिंग ठीकठाक असलं तरी चालतं, थोडं पायथॉन आणि लिनक्सची कमांड लाइन यायला हवी, पण नीट लिहिता येत नसेल तर या फील्डमध्ये फार हाल होतात. पंचनामा मराठीत, रिपोर्ट इंग्रजीत, दोन्ही चांगले वाचता यायला हवेत.

कामाचं म्हणशील तर सरकारी लॅबमध्ये जागा निघतील तशा जाहिराती येतात, त्यावर एकट्यावर विसंबू नको, बँका, ऑडिट फर्म आणि सिक्युरिटी कंपन्यांकडे पण ही माणसं लागतात. नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक एक्स्पर्टने घटनास्थळी जायचंय, त्यामुळे मागणी वाढेल असं मला वाटतं. शिकायला मुंबई, छत्रपती संभाजीनगर, नागपूरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गांधीनगरला राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ आहे, त्यांचा गोव्यात पण कॅम्पस आहे.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. ऑटॉप्सी नावाचं डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर फुकट डाउनलोड होतं, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या साइटवर 'मिस्टर ईव्हिल' नावाने वावरणाऱ्या माणसाच्या जुन्या डेल लॅपटॉपची सरावाची इमेज आहे, सोबत प्रश्न पण आहेत. ती शनिवार-रविवार घेऊन बस. विंडोज आपल्या नोंदी जिथं ठेवतं त्या रजिस्ट्रीत खणताना कंटाळा आला तर हा कोर्स तुझ्यासाठी नाही.

प्रश्न : माझा मुलगा हेच शिकतोय, तर सगळे नातेवाईक त्याच्याकडे फोन घेऊन येतात, डिलीट झालेले फोटो काढून दे म्हणतात. खरंच निघतात का हो? — एक आई, सांगली

उत्तर : काकू, जुन्या हार्ड डिस्कवर बऱ्याचदा निघतात, पण हल्लीच्या फोनमध्ये डेटा एन्क्रिप्टेड असतो आणि डिलीट केलेली जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो, त्यामुळे नातेवाइकांना आधी गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बघायला सांगा, बॅकअप झालेले फोटो तिथं ६० दिवस राहतात. आणि "सुनेचं व्हॉट्सॲप जरा बघून दे" म्हणणारे आले तर त्यांना दारातूनच परत पाठवा, मालकाच्या परवानगीशिवाय फोनमध्ये शिरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि अडकेल तो तुमचा मुलगा.