वाचक विचारतात: बेत, डाव, कट की नुसतंच ठरवून?

बातम्यांमध्ये सारखं 'पूर्वनियोजित कट' असं येतं. कट काय कुणी आयत्या वेळी करतं का? (वाचक, कोल्हापूर)

नाही करत, आणि तुमची चिडचिड अगदी रास्त आहे. हे पिवळा पीतांबर टाइप आहे. कट म्हटला की तो आधी शिजलेलाच असतो, त्यात परत पूर्वनियोजित कशाला? पण टीव्हीवाल्यांना एक शब्द पुरत नाही ना, दोन लावले की बातमी भारी वाटते. अजून एक गंमत सांगतो, कायद्यात कटाला किमान दोन माणसं लागतात. आधी भारतीय दंड संहितेत कलम 120 ब होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 61 झालं, पण दोन किंवा जास्त जणांचं संगनमत ही अट तशीच आहे. त्यामुळे 'त्याने एकट्याने कट रचला' हे वाक्य कोर्टात टिकणार नाही. एकट्याचा फार तर बेत, डाव किंवा मनसुबा.

मुद्दाम केलं आणि ठरवून केलं, यात फरक आहे का? आमच्या घरी यावरून वाद झालाय. (कायद्याची विद्यार्थिनी, ठाणे)

आहे, आणि चांगला मोठा आहे. मुद्दाम म्हणजे हेतू होता, बस. तो हेतू क्षणापूर्वी मनात आला असेल तरी चालतो. बसमध्ये कुणी मुद्दाम धक्का मारला म्हणजे त्याने सकाळी घरून निघताना प्लॅन केला होता असं नाही. ठरवून म्हटलं की मधे वेळ गेलेला असतो, विचार झालेला असतो, बहुतेक वेळा थोडी तयारीसुद्धा.

आता तुम्ही कायदा शिकताय म्हणून जरा लांबण लावतो. खून ठरायला आधीपासूनचा प्लॅन असावाच लागतो असा बऱ्याच जणांचा समज आहे, मालिका बघून झाला असेल, पण आपल्याकडे तसं नाही, जिवे मारायचा इरादा जागच्या जागी झाला तरी खून होऊ शकतो. आधी ठरवलं होतं की नाही हा प्रश्न मुख्यतः अपवादांमध्ये येतो, म्हणजे अचानक भांडण पेटलं, रागाच्या भरात हात उचलला गेला, आधी काही ठरलेलं नव्हतं, गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात.

आणि अचानक झालेल्या चिथावणीचा जो अपवाद आहे त्यासाठी नानावटी खटला वाचाच. 27 एप्रिल 1959, मुंबई. नौदलाचे कमांडर नानावटी, बायकोने दुपारी सांगितलं की प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी तिचे संबंध आहेत. हे दीडच्या सुमारास घरून निघाले, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, मग जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजांच्या ऑफिसात गेले, तिथे भेटले नाहीत म्हणून फ्लॅटवर, आणि 4 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास गोळ्या झाडल्या. ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं निर्दोष ठरवलं होतं, पण हायकोर्टाने ते फिरवलं आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की राग शांत व्हायला मधे भरपूर वेळ होता आणि त्या वेळात या माणसाने एकामागून एक कामं नीट उरकली. तर तुमच्या घरच्या वादात 'मधे किती वेळ गेला?' एवढंच विचारा.

मुलगी इथेच जन्मली. 'मी उद्या जाईन', 'जाणार आहे' आणि 'जातेय' यातलं कधी काय वापरायचं, तिला कसं सांगू? (वाचक, न्यू जर्सी)

'जातेय' म्हणजे तिकीट काढून झालंय, बॅग भरायचीय फक्त. 'जाणार आहे' म्हणजे ठरलंय. 'जाईन' मध्ये मात्र ठरलेलं काहीच नसतं, एक तर वचन असतं नाहीतर 'बघू, जमलं तर'. म्हणून कुणी लग्नाच्या आमंत्रणाला 'येईन हं' म्हणालं की त्यांचं ताट धरू नका! फक्त 'पाऊस पडणार आहे' मध्ये पावसाने काही ठरवलेलं नसतं, तो आपला अंदाज, हे तिला वेगळं सांगा.

सुपारी म्हणजे खुनाचं कंत्राट, हे कुठून आलं? (वाचक, नाशिक)

कुठून आलं यापेक्षा मला हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं की सुपारी गुंडांकडे गेली तरी बाकीच्यांनी ती सोडली नाही. लग्न पक्कं झालं की आपल्याकडे सुपारी फुटते. आणि तमाशा, बँड, ऑर्केस्ट्रावाले अजूनही सुपारीच घेतात. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात आणि सुपारी देऊन जातात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तिन्हीकडे अर्थ एकच, बोलणी झाली, आता मागे फिरायचं नाही. मुंबईच्या अंडरवर्ल्डमुळे तिसरा अर्थ पेपरात जास्त छापून आला एवढंच.

सासूबाई म्हणतात, 'तुम्ही कशाला एवढ्या मोठ्या पूजेचा घाट घातलाय?' हे कौतुक की टोमणा? (वाचक, सातारा)

टोमणा. कौतुक असतं तर 'छान बेत आहे' म्हणाल्या असत्या.